साहेबांसाठी उपटलेला वाल

"ए पोरी, खाली बस. आधी केसांना तेल लाव, विंचरून ये, मग सरकारला प्रश्न विचार."

साहेब हे माइकवरून बोलला. माइकवरून! पाड्यातल्या शेवटच्या झोपडीपर्यंत ऐकू गेलं. पुढं खुर्च्यांवर बसलेले सगळे हसले. तलाठी हसला, कंत्राटदार हसला, जीपचा ड्रायव्हर हसला. त्यांचं मला काही वाटलं नाही. ते हसायलाच आले होते. पण मागं मातीवर बसलेली आमची माणसंही हसली. तोंडाला पदर लावून, माना खाली घालून हसली. साहेब हसला की आपणही हसायचं असतं, एवढंच त्यांना माहीत. तो राग माझ्या पोटात अजून तसाच आहे.

मी सातवीत होते. केस विस्कटलेले होते, खरंय. सकाळी उठल्यापासून मी त्याच साहेबासाठी शेण कालवत होते. तो ज्या जमिनीवर बूट घालून उभा होता, ती मी आणि आयनं सारवली होती.

आम्ही वारली. भिवंडीकडं, दिघाशी गावाच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा. तिथं आमचे जमिनीचे दोन तुकडे होते, एक खाली रस्त्याला लागून, एक त्याच्या वर. होते म्हणजे कसे, तर एकसाली. जंगलखात्याची जमीन, एक वर्षाच्या बोलीनं कसायला द्यायची. वर्ष संपलं की पुन्हा एक वर्ष. असं एकेक वर्ष करत माझ्या आज्याची हयात गेली. त्यानं दगड वेचले, बांध घातले, उताराची जमीन सपाट केली, भात पिकवला. मग बाबा कसायला लागला. सरकारच्या हिशेबात मात्र आम्ही दर वर्षी नवे पाहुणे.

साहेब यायच्या आधी तलाठी पाड्यावर आला. बाबाचं नाव लहानू. तलाठी वयानं त्याच्याहून धाकटा, पण हाक मारायचा, "काय रे लहान्या!" बाबा म्हणायचा, "जी भाऊसाहेब." त्या दिवशी तलाठी अगदी गोड बोलत होता. म्हणाला, "लहान्या, नशीब उघडलं तुझं. जिल्ह्याचे मोठे साहेब येतायत. एकसालीवाल्यांचं काहीतरी कायमचं करून टाकणार. मांडवाला जागा पाहिजे. तुझा खालचा तुकडा सपाट आहे, रस्त्यालाही लागून आहे. तेवढा साफ करून ठेव."

खालच्या तुकड्याच्या कडेनं वहाळ, म्हणजे ओढा, आणि त्यापलीकडं एका शेठची जमीन. आमच्या तुकड्यात वाल होता. भात काढला की त्याच ओलीवर आम्ही वाल टाकतो. शेंगा धरल्या होत्या, दाणे भरायचे बाकी होते. उन्हाळाभर आमच्या कालवणाला तोच वाल. आय म्हणाली, "भाऊसाहेब, थोडं दिस थांबा की. शेंगा भरू द्या." तलाठी म्हणाला, "साहेब तुझ्या शेंगांसाठी थांबतील काय गं?"

बाबा आयला म्हणाला, "साहेब आपल्या दारात येतोय. जमीन नावावर करून देतोय. वालाचं काय घेऊन बसलीस?"

आणि आम्ही उपटला. आमच्या हातांनी. कुणी बंदूक लावली नव्हती. उलट आम्ही खूश होतो! पाड्यातली सगळी घरं मदतीला आली. पाहुणा येतो म्हटल्यावर आमच्याकडं असंच असतं, घरातलं शेवटचं कोंबडंही कापतात. वेल उपटून बांधाच्या कडेला ढीग केला, गुरांना होतील म्हणून. जमीन ठोकून सपाट केली, शेणानं सारवली, मांडव घातला. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यायचा, ते आमच्याकडून शिकावं.

साहेब आला. पांढरी जीप, पांढरं टेबलक्लॉथ. हार घालून झाले, नारळ फुटला. मग तो बोलायला लागला. आवाज चांगला होता, मान्य करते. मलाही आधी तो आवडला होता.

पहिली गोष्ट बोलला कारभाराची. "उघडा कारभार हे माझं तत्त्व आहे. सरकारनं जनतेपासून काही झाकायचं नाही. मी इथं उभा आहे, काहीही विचारा. न घाबरता विचारा."

दुसरी गोष्ट कर्जाची. "राज्यावर कर्ज आहे. मुंबईला पाणी नेण्यासाठी मोठी पाइपलाइन होते आहे, तिला परदेशातून पैसा आणलाय. हे कर्ज कुणा एकाचं नाही, सगळ्या जनतेचं आहे. तुमच्या पाळण्यातल्या पोराच्या डोक्यावरसुद्धा त्याचा वाटा आहे." आयच्या मांडीवर माझा धाकटा भाऊ झोपला होता. तिनं घाबरून त्याच्या डोक्यावर पदर ओढला. मला हळूच म्हणाली, "आमी कदी घेतलं गं कर्ज?"

तिसरी गोष्ट मालकीची. "मालकीचा हक्क मोठा आहे. सरकार कुणाच्या मालकीला हात लावत नाही. पण मालकी म्हणजे कागद. नुसतं राबून कुणी मालक होत नाही. नाहीतर भिवंडीत लूम चालवणारा प्रत्येक जण लूमचा मालक झाला असता!" खुर्च्यांवर हशा झाला. मग साहेबानं हात पसरून आमचा तुकडा दाखवला. "आता ही जागा पाहा. मोकळी आहे. ना पीक, ना झाड. पाइपलाइन इथून जाईल. डोक्यावर कर्ज असलेल्या राज्यानं अशी जमीन पडीक ठेवायची का, तुम्हीच सांगा."

मोकळी! पडीक! मला आधी वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. बाबाकडं बघितलं. तो अजून हात जोडून हसत होता. त्याला वाटत होतं, आता पुढच्या वाक्यात जमीन नावावर होईल.

मी उठले. साहेब म्हणाला होता ना, विचारा. म्हणून विचारलं. "साहेब, जागा पडीक न्हाय. हितं वाल होता. काल तुमच्यासाठीच उपटला. पडीक तर वहाळाच्या पलीकडची शेठची जमीन हाय, नुसतं गवत हाय तिथं. पाइप तिकडून का न्हाय नेत?"

कंत्राटदार साहेबाच्या कानाला लागला. साहेब म्हणाला, "ती मालकीची आहे." एवढंच. मग माझ्याकडं नीट बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत. आणि ते केसांचं बोलला.

लोक हसून झाल्यावर बाबा उठला. साहेबासमोर कमरेत वाकला. "पोर हाय साहेब. चुकली. माफी करा." माझा बाबा अंगानं धिप्पाड. साग एकटा खांद्यावर उचलायचा. तो त्या टेबलासमोर एवढासा दिसत होता. तलाठी म्हणाला, "लहान्या, पोरीला आवर. सरकारी काम आहे." काय चुकलं होतं माझं? वाल होता, हे चुकलं?

मग पंचनामा वाचला. "जागा मोकळी. पीक नाही. कसणाऱ्याची हरकत नाही." तलाठ्यानं बाबाच्या हातात पेन दिलं. "कर सही. तुला येते ना आता?" बाबा रात्रीच्या वर्गात जाऊन सही शिकला होता. त्यानं पेन धरलं.

मी पळाले. मांडवातून बाहेर, बांधापाशी. ढिगातले वेल कवेत धरले, जेवढे मावतील तेवढे. मुळं, माती, शेंगा, सगळं. आले आणि त्या पांढऱ्या टेबलावर ओतलं. हार खाली पडले, पाण्याचा ग्लास साहेबाच्या मांडीवर कलंडला.

"हे काय हाय?" मी ओरडले. "पीक न्हाय म्हणता, मग हे काय हाय? बाबा, तू सही करू नको!"

साहेब ताडकन उठला. विजारीवर पडलेल्या शेंगा झटकत म्हणाला, "ही घाण उचला आधी."

घाण! आमच्या ताटातलं अन्न होतं ते, आणि त्यानं पाण्याआधी ते झटकलं. कोतवालानं माझा दंड धरला आणि ओढत बाहेर नेलं. ओढता ओढता मी मागं बघत होते, फक्त बाबाकडं. बाबानं पेन टेबलावर ठेवलं. मुद्दाम ठेवलं की हातातून सुटलं, मला कळलं नाही. पण त्यानं सही केली नाही. तलाठी "लहान्या, लहान्या" करत राहिला, बाबा मांडवाबाहेर आला आणि सरळ घराकडं चालू लागला.

म्हणून काय पंचनामा अडला? छे! जीपच्या ड्रायव्हरनं सही केली, कंत्राटदाराच्या मुनशीनं केली. दोघांनी आमचा पाडा त्या दिवशी पहिल्यांदा बघितला होता. ते झाले पंच. असा उघडा कारभार.

घरी बाबानं मला मारलं. लपवत नाही. साहेबाला मारता येत नाही, मग पोरीला मारायचं. मारून झाल्यावर भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "तू बोललीस ते खरं व्हतं. पन खरं बोलून आपल्याला कोन जगू देतो?" मी रडत होते, तरी मला त्याचा राग आला. मारण्याचा नाही, त्या बोलण्याचा. आपल्या माणसांनी जन्मभर हेच ऐकवलं आम्हाला, गप बस, दिवस काढ.

उन्हाळ्यात पाइप आला. माणूस उभा आत चालेल एवढा मोठा. आमच्या खालच्या तुकड्यावरून गेला, वहाळाच्या या बाजूनं. शेठचं गवत जसंच्या तसं राहिलं, नंतर त्यानं ती जमीन गोडाऊनवाल्याला विकली. पाइपातून पाणी दिवसरात्र घोंघावत मुंबईला जायचं. आमच्या पाड्याला नळ नाही. विहीर आटली की बाया पाइपाच्या सांध्यातून गळणाऱ्या पाण्याखाली हंडा धरायच्या. मग वॉचमन काठी घेऊन यायचा. "चोर कुठल्या!" एकदा त्यानं आयचा हंडा लाथेनं उडवला. कर्जाचे वाटेकरी आम्ही आणि पाण्याचे चोरही आम्हीच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

शाळा सुटली. मी भिवंडीत कांडी भरायला गेले, लूमच्या धाग्याच्या कांड्या. बारा तासांची शिफ्ट. कानात खडखड, नाकात कापसाची भुकटी. मालक ओरडायचा, "ए जंगली, हाथ चला!" बाजूला मालेगावच्या, उत्तरेकडच्या बाया असायच्या. त्यांच्यात एक वयस्क रझियाआपा होती. मला म्हणाली, "चुप रहेगी तो ये तुझे रोज जंगली बोलेगा. नाम बता उसको." दुसऱ्या दिवशी मी मशीनपासून उठले आणि त्याच्या तोंडावर माझं नाव सांगितलं. तो पुन्हा जंगली म्हणाला नाही. बोलल्यावर काही आभाळ कोसळत नाही, हे मला तिथं कळलं.

मग एकोणीसशे नव्वद साल उलटल्यावर बाबा गेला. वरचा तुकडा आय कसत होती, मीही शिफ्ट सोडून परत आले. आणि आली नोटीस. वरच्या तुकड्यावर आमचं अतिक्रमण! आज्यानं रचलेल्या बांधावर आम्ही घुसखोर! पाइपला लागून आता गोडाऊनं येणार होती, रस्ता रुंद करायचा होता. सुनावणी भिवंडीत होती.

या वेळचा साहेब तरुण होता. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. त्याच्याकडं नवा शब्द होता, पारदर्शकता. "हे पाहा बाई, आता सगळं पारदर्शक आहे. पूर्वीसारखं नाही. राज्याची आर्थिक स्थिती तुम्हाला ठाऊक नसेल. सरकारी जमिनीतून उत्पन्न आलं नाही, तर कर्ज कसं फिटणार? तुमच्याकडं मालकीचा काही पुरावा आहे?"

"बांध हाय. माझ्या आज्यानं रचलेला. येऊन बघा."

"बांधावर नाव नसतं, बाई."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "साहेब, तुमच्या कर्जावर माझं नाव कुठं हाय? आमच्या पाड्यावर येऊन सांगून गेले, पाळण्यातल्या पोरावर पण कर्ज हाय म्हणून. तवा आम्हाला कुणी पुरावा मागितला न्हाय. कर्ज वाटताना आम्ही जनता, आणि जमिनीचं नाव काढलं की अतिक्रमण? कर्ज माझ्या डोक्यावर ठेवायचं असंल तर जमीन माझ्या नावावर करा. न्हायतर दोन्ही उचला."

"आवाज खाली करा."

"न्हाय करणार."

तो म्हणाला, "बाहेर थांबा. शांत झालात की आत या." पक्षकारांसाठी ठेवलेली खुर्ची समोर रिकामीच होती. मला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी ओढली आणि बसले. शिपाई आत आला, माझ्याकडं बघून परत गेला. साहेबानं घसा साफ केला आणि पुढची तारीख दिली.

तारखा पडतायत. पडू देत. पाड्यात मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, साहेब आला तर पाणी द्या, बसायला घोंगडी द्या, पण एक काडीसुद्धा उपटू नका. कुणी सही मागितली तर हात मागं बांधून उभं राहा. आय घाबरते. म्हणते, "पोलीस आणतील गं." आणू देत. मी वरच्या तुकड्यात नांगर धरून उभी राहणार. मी आपण होऊन हलणार न्हाय. हलवायचं असंल तर अंगाला हात लावून उचलावं लागंल. आणि ते भर दुपारी करा, सगळ्या पाड्यादेखत, रस्त्यावरच्या माणसांदेखत. कारभार पारदर्शक हाय ना तुमचा? मग बघू दे सगळ्यांना, कोण कुणाच्या जमिनीवर घुसतंय.