तीन चादरींचं गाणं

आमच्या सूनबाईला एखादं गाणं केवढं आहे असं विचारलं, तर ती मिनिटं सांगत नाही. "ते होय? ते तीन चादरींचं," म्हणते. लॉन्ड्रीत इस्त्री करता करता गाणी रचली की दुसरं काय होणार! हॉटेलांच्या चादरी तिच्या टेबलावर ओलसर येतात. इस्त्री या टोकापासून त्या टोकाला पोचली की एक ओळ होते, चादर परतली की दुसरी. वाफ सोडायची तिथे श्वास घ्यायचा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खो खो हसलो. मग एकदा तिचा डबा द्यायला गेलो आणि दारातच उभा राहिलो. अंगाने पोर काडीसारखी, पण आवाज असा दाट की आजूबाजूची यंत्रं दबकून चालल्यासारखी वाटली. हातातला डबा निवून गेला तरी माझा पाय हलेना.

तसं गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. गावच्या शाळेत गाण्याचा तास लागला की मास्तर मला फळा पुसायला उभे करायचे आणि तास संपेपर्यंत पुसायला लावायचे. इतका स्वच्छ फळा पंचक्रोशीत नव्हता. असो, मी कुठल्या कुठे गेलो. तर अशा माणसाच्या पोटी निघाला ड्रमवाला. लहानपणी त्याने ताट, बादली, माझं टक्कल, काही म्हणता काही सोडलं नाही, म्हणून नाव पडलं ठोक्या. हा ठोक्या, सूनबाई आणि त्यांचा मित्र जाड्या पियानोवाला, अशी तिघं संध्याकाळी एका हॉटेलात जॅझ वाजवायची. दोघांचं लग्नही त्या वाजवण्यातच जमलं.

मग ठोक्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, चालूही लागला, पण उजवा हात खांद्यापासून लोंबता राहिला. हॉटेलने दुसरी माणसं बघितली, सूनबाई लॉन्ड्रीत लागली आणि ठोक्याने ड्रम माळ्यावर टाकायला लावले. त्यानंतर त्याने टेबलावर बोट म्हणून आपटलं नाही. पाण्याचा ग्लास ठेवायचा तोही आवाज न करता. घरात असली शांतता काय असते, ते बापाला विचारा.

त्याच दिवसांत सूनबाईने एका अख्ख्या अल्बमची गाणी केली. दिवस वाईट होते, पण गाणी रडकी नाहीत हो! एक आहे दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या अनोळखी बाईने तिला अर्धं संत्रं दिलं त्याचं. आणि ते तीन चादरींचं आहे एका हाताने शर्टाची बटणं लावणाऱ्या माणसाचं. शेवटच्या बटणाशी आल्यावर त्याला कळतं की पहिलंच चुकलंय. मग तो सगळी सोडून पुन्हा लावायला बसतो.

ते ऐकून ठोक्या भडकला. "माझी बटणं जगाला कशाला दाखवतेस?"

"जगात तू एकटाच बटणं लावतोस का रे?" ती म्हणाली. "तुझ्याशिवाय हे गाणं व्हायचं नाही. एकदा वाजव."

"या हाताने?"

"त्या हाताने."

तो उठून गेला.

शेवटी जाड्याच्या ओळखीने एका सकाळी स्टुडिओ मिळाला. ड्रमला दुसरा माणूस बोलावला होता. भला माणूस, हात अगदी घड्याळासारखा. ठोक्याला मीच ओढून नेलं, नुसता बस म्हणून. बाकीची गाणी झाली, पण बटणांचं गाणं काही केल्या बसेना.

"इथे जरा थांबायचं," सूनबाई त्या ड्रमवाल्याला म्हणाली.

"किती थांबू?"

"चादर परतेपर्यंत."

तो बिचारा जाड्याकडे बघायला लागला. जाड्या छताकडे.

माझ्या शेजारी ठोक्याची चुळबुळ सुरू झाली. घरच्या चादरींची घडी ही दोघं मिळून घालतात. एक टोक त्याच्या डाव्या हातात, बाकी सगळी कसरत तिची. त्याची पकड बसेपर्यंत ती थांबते. गाण्यातली ती जागा म्हणजे तेवढंच थांबणं होतं, आणि ते त्या खोलीत एकट्या ठोक्यालाच ठाऊक होतं.

"तसं नाही हो," तो उठलाच. "काठ्या ठेवा. तो तारांचा ब्रश द्या इकडे. एकदाच दाखवतो हं, एकदाच!"

डाव्या हातात ब्रश, पायाखाली मोठा ड्रम. सुरू झालं. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "ठोका मागे पडतोय."

"पडू दे," सूनबाई म्हणाली, "मी थांबते."

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ती ओळ सोडायची, थांबायची, आणि तो ठोका धापा टाकत येऊन तिच्याशेजारी उभा राहायचा. काय सांगू तुम्हाला! शेवटचं बटण लागलं, शेवटचा सूर अजून हवेतच होता, आणि माझ्या तोंडून सणसणीत निघालं, "वाऽऽ!"

सगळं थिजलं. रेकॉर्डिंगवाल्याने कानावरचं यंत्र काढून डोकं धरलं. "आजोबा! अहो, गेलं की सगळं!"

सूनबाईने ओठ चावला. सगळ्यांचे डोळे ठोक्यावर. तो घामाने निथळत होता, आणि 'एकदाच दाखवतो' असं आधीच बजावून बसला होता. मला तर धरणी दुभंगावी असं झालं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही बाहेर. बाहेर म्हणजे रस्त्यावर, दाराशी नाही!" मग वळला जाड्याकडे. "आणि तू! दुसऱ्या कडव्यात गाडी सुटल्यासारखा कुठे पळतोस?"

"मी? तूच मागे राहतोस!"

"मी राहणारच. हिला थांबता येतं, तुला काय धाड भरलीय? चला, पुन्हा घेऊ."

मी मुकाट्याने चपला घालून रस्त्यावर आलो. आतलं काही ऐकू येत नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होतो, "मुलाने बाहेर काढलं हो मला!" लोक हळहळत होते, आणि माझं हसू काही थांबत नव्हतं.