पितृपंधरवड्यातली खीर

"माझ्या मुली काय कावळे आहेत?"

पितृपंधरवडा लागला की बाईंचा हा प्रश्न सुरू व्हायचा. जयेंद्रगंजातल्या अनाथ मुलींच्या वसतिशाळेत त्या वॉर्डन होत्या आणि मी समितीवर. तुम्हीही पाहिलं असेल, या पंधरा दिवसांत आमच्या अख्ख्या लष्कर भागाला अनाथांची आठवण येते. रोज कुणाचं तरी श्राद्ध, रोज खीर-पुरी. पोरींची पोटं बिघडायची. सोळाव्या दिवशी पुन्हा पाणचट वरण, आणि दात्यांचा पत्ता नाही.

बाई प्रत्येकाला सांगायच्या, "खीर नको. कार्तिकात या, भाजी घेऊन या." लोक चिडायचे. मीही चिडायचो. अहो, देणाऱ्याशी असं बोलतात का?

"देणाऱ्याशीच बोलावं लागतं," त्या म्हणायच्या, "न देणारा इथं येतो कुठं?"

गेल्या वर्षी दाना ओलीच्या बाजारातले एक व्यापारी वडिलांचा फोटो घेऊन आले. फोटोला हार घातला, मुलींना समोर ओळीनं बसवलं आणि मोबाईल काढून म्हणाले, "चला, हात जोडा. जरा दुःखी चेहरा करा ना, फोटो खींचना है."

पहिल्याच ओळीत नऊ वर्षांची एक पोर होती. तिचे वडील जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. तिला रडू आवरेना.

"बस, ऐसे ही!" व्यापारी खूश.

बाईंनी पोरीला उठवून जवळ घेतलं, हारासकट फोटो त्यांच्या हातात दिला आणि त्यांना दार दाखवलं. मी तिथंच उभा होतो.

या गृहस्थांनी शाळेला पाण्याची टाकी कबूल केली होती. समितीची बैठक बसली. बाईंनी माफी मागावी, नाहीतर जावं. मी घडलं ते सांगायला तोंड उघडलं, तर अध्यक्ष म्हणाले, "टाकी तुम्ही देता का?" मी गुपचूप चहा प्यायलो. अजून चीड येते हो! अध्यक्षांची येते, पण सगळ्यात जास्त माझी.

बाईंनी माफी मागितली नाही. इंदूरला बहिणीकडे निघून गेल्या. टाकी आली.

परवा न राहवून फोन केला. म्हटलं, "बाई, माझं चुकलं."

"मला कशाला सांगता? ती पोर तिथंच आहे ना, तिला सांगा." फोन ठेवला.

काल, भर फाल्गुनात, शेवटी गेलोच. ती अंगणात ताटं विसळत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, शब्द जुळवत.

तिनं वर पाहिलं.

"अंकल, आज किसका श्राद्ध है?"