तीन हात, चार हात, पाच हात

ज्याने शाळेचे कोपरे आखले, त्यालाच त्या शाळेत पाऊल टाकू न देणारे गाव तुम्ही पाहिले आहे का? मी त्या गावात मास्तर आहे.

"ते खरं, पन का?" हे आमच्या मिस्त्रींचे पालुपद. राहायला महारवाड्यात, गवंडीकाम शिकले भिंगारच्या छावणीत, बराकी बांधताना. पाया आखताना ते एका बाजूला तीन हात, दुसऱ्या बाजूला चार हात मोजून खुंट्या ठोकत. मधली तिरकी दोरी बरोबर पाच हात भरली की म्हणत, "कोपरा बसला."

शाळेच्या कामासाठी कमिटीच्या चेअरमननी काटकोन तपासायचा नवा लोखंडी गुण्या पुण्याहून आणला. मिस्त्रींनी दोरी लावली आणि गुण्याच वाकडा निघाला. चेअरमन आठवडाभर तिकडे फिरकले नाहीत.

शाळा उभी राहिल्यावर एकदा कुंपणाबाहेर मी मिस्त्रींना समजावले : तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, मिळून पंचवीस, आणि तोच पाचचा वर्ग. ते विडी विझवून म्हणाले, "ही बेरीज झाली, मास्तर. पन का?"

काटकोनाच्या दोन बाजूंवरचे चौरस मिळून तिरक्या बाजूवरच्या चौरसाएवढे का भरतात, हे आकृती काढून दाखवता येते. मी तिथेच काडी घेऊन मातीत बसलो. त्यांनी मला थांबवले.

"मातीत मी जल्मभर काढतोय. फळ्यावर दावा. पोरं बसत्यात तिथं बसून बगीन."

पण तोवर शाळेची वास्तुशांत झाली होती. त्यांना आता आत यायला बंदी होती. "साळंचा पाया खणाया उतरलो तवा इटाळ न्हवता," ते हसत म्हणाले. मला हसता आले नाही.

मी हेडमास्तरांकडे अर्ज केला, मग स्कूल बोर्डाकडे. पत्रक छापले, चावडीसमोर भाषण ठोकले. मिस्त्री दर बाजाराला भेटून विचारत, झालं का? मी म्हणे, उत्तर येऊ द्या, हक्काने नेतो. शाळेची किल्ली तेव्हा माझ्याच खिशात असे.

माघात ते तापाने गेले. चार दिवसांत. मी घरी गेलो तेव्हा त्यांची बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "सारकं इचारत हुते, मास्तरचा सांगावा आला का."

अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.

वाचकहो, तुमच्या गावातही दाराबाहेर कोणी उभा असेल. त्याच्यासाठी अर्ज लिहू नका. उद्या सकाळी त्याचा हात धरा, शाळेत न्या, फळ्यासमोर बसवा आणि त्याला जे विचारायचे आहे ते विचारू द्या.