मशीनने सोडलेलं झाड

ओरोंझो आता समुद्राकाठच्या एका हॉटेलात बोगनवेलीची कुंपणं छाटतो. तिथल्या पाहुण्यांना त्याचं नाव माहीत नाही, आणि त्याला तेच बरं वाटतं. एके काळी आमच्या पंचक्रोशीत ऑलिव्हच्या छाटणीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चारशे वर्षांच्या झाडावर सरसर चढायचा, आतली दाटी काढायचा, आणि खाली उतरून घाम पुसत म्हणायचा, "बघ कताल्दो, आता श्वास घेतोय म्हातारा." कताल्दो म्हणजे मी. माझा तेलाचा घाणा होता. आता तिथे भाड्याने सायकली देतात.

रोग दक्षिणेकडून आला. तुडतुड्यासारखा एक किडा तो या झाडावरून त्या झाडावर नेतो. आधी शेंड्याची पानं करपतात, मग फांदी, मग अख्खं झाड उभ्या उभ्या वाळतं. औषध नाही. रोगट झाड मुळासकट काढायचं आणि भोवतालची पन्नास मीटरमधली झाडंही काढायची, मग ती कितीही ठणठणीत असोत. छाटायला झाडंच उरेनात, तेव्हा ओरोंझोने सरकारी नोकरी धरली. काम काय, तर मरणाऱ्या झाडांवर लाल फुली मारायची.

कुठल्या झाडावर मारायची ते मशीन सांगायचं. विमानातून फोटो काढायचे, मशीन ते बघायचं आणि प्रत्येक झाडाला शंभरपैकी मार्क द्यायचं. शाळेच्या उलट कारभार, मार्क जितके जास्त तितकं मरण जवळ. आपल्या डोळ्यांना दिसण्याच्या वर्षभर आधी त्याला रोग दिसायचा. ऐंशीच्या वर मार्क पडले की ओरोंझो त्या झाडापाशी जायचा, बघायचा, आणि हातातल्या टॅबवर दोनपैकी एक बटण दाबायचा: 'काढा' किंवा 'ठेवा'.

"शेवटचा निर्णय माणसाचा, असं म्हणाल्या आमच्या खात्याच्या मॅडम," पहिल्या दिवशी तो छाती फुगवून सांगत आला.

"अरे गाढवा, बळीचा बकरा केलाय तुला," मी म्हटलं. "लोक मशीनला आईवरून शिव्या देऊ शकत नाहीत. तुला देतील."

"माझी आई कुठे आहे?" म्हणून तो हसला.

आई त्याला जन्म देतानाच गेली होती. शेजारच्या दोनाताला त्याच आठवड्यात मूल झालं होतं, ते जगलं नाही. तिने ओरोंझोला छातीशी घेतलं. म्हणून ती त्याची नुन्ना, म्हणजे मानलेली आई, आणि त्याच्यामुळे मग आम्हा सगळ्यांचीच नुन्ना दोनाता. नंतर तिला मूल झालंच नाही. तिच्या अंगणात एक ऑलिव्ह होतं, खोडाला एवढा बाक की गावाने त्याला 'कुबडी' नाव ठेवलेलं. त्याच्या बाकात गोधडी घालून ती ओरोंझोला निजवायची आणि खाली बसून अंजिरांत बदाम भरायची.

पहिली दोन वर्षं ओरोंझोने इमानदारीने फुल्या मारल्या. सख्ख्या काकाची साठ झाडं त्याने काढायला लावली, काकाने तोंडावर दार लावलं. बारमध्ये तो आला की शेजारची खुर्ची रिकामी व्हायची. माझ्या घाण्यात येऊन तो पोत्यांवर बसायचा. म्हणायचा, "चुकत नाही रे ते मशीन. एकदा तरी चुकावं ना." मला ते मशीन डोळ्यांसमोर नको होतं, पण खरं ते खरं. ज्याला ते मरणार म्हणालं ते, काढायला उशीर झाला की, उभ्या उभ्या वाळायचंच.

मग एका सप्टेंबरात कुबडीला एक्याण्णव मार्क पडले.

ओरोंझो अंगणात उभा राहिला. त्याने मला हे सगळं पुढे सांगितलं, तेव्हा मला कळलं. पानं हिरवीगार होती. नुन्नाने विचारलं, "काय रे, आमच्या म्हातारीचा निकाल लागला का?"

"लागला."

"मग तोंड असं का? मार फुली. सगळ्यांची गेली, माझं काय सोनं लागून गेलंय?" असं म्हणाली खरी, पण हात खोडावरून काढेना.

ओरोंझोने 'ठेवा' दाबलं. कारण लिहा असं आलं, तिथे लिहिलं, 'पानं हिरवी आहेत.' ते काही खोटं नव्हतं. पण आपण दया केली, असं त्याला तिच्यापुढे म्हणवेना. तिने ती घेतली नसती. म्हणून तो बोलून गेला, "नुन्ना, मशीनने सोडलंय याला. रोग नाही म्हणतंय."

बास, एवढंच वाक्य.

जे मशीन कोणाच्या बापाला सोडत नाही त्याने कुबडीला सोडलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. लोकांनी काढायचा तोच अर्थ काढला, की या झाडाला रोग लागतच नाही. अशी झाडं असतात, क्वचित असतात, आणि सगळा मुलूख ती शोधत होता. नुन्नाला तर आकाश ठेंगणं झालं. मार्चमध्ये तिने कुबडीच्या काड्या काढल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या, आणि अकरा घरांत कलमासाठी स्वतः नेऊन दिल्या. कोणी काही देऊ केलं तर चिडायची. "माझ्या म्हातारीचा प्रसाद आहे," म्हणायची.

माझ्या बापजाद्यांनी लावलेल्या बागेसाठी मला पंचेचाळीस काड्या मिळाल्या. कलम बांधायला मी अर्थातच ओरोंझोला बोलावलं.

तो बागेच्या दगडी गडग्याजवळ उभा राहून म्हणाला, "एक वर्ष थांब ना."

"का?"

"थांब म्हणतो ना."

"मशीनपेक्षा तुला जास्त कळायला लागलं का? की सगळ्यांची झाडं मारून आता माझी जगलेली बघवत नाहीत?"

हे मी बोललो. आजही ते शब्द आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तो वळला आणि निघून गेला. कलमं मी माझ्या हातांनी बांधली.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या बागेत शेंडे करपले. किड्याने आणलं की काड्यांनी, असा प्रश्नच नव्हता. जिथे कलम तिथेच करपलेलं, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस. भोवतालची धरून एकशे चाळीस झाडं गेली. फुल्या मारायला ओरोंझोच आला. रंगाचा डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "एक्याण्णव होते, कताल्दो. कुबडीला एक्याण्णव मार्क होते. मशीनने नाही सोडलं. मी सोडलं."

मी त्याला मारलं. एकदाच. तो हललासुद्धा नाही. मग आम्ही दोघं गडग्यावर बसून लहान पोरांसारखे रडलो. त्याच्या एका बटणात माझा बाप, आजा, पणजा गेले होते. आणि तरी मला हेही दिसत होतं, की त्या अंगणात मी असतो तर मीही तेच बटण दाबलं असतं.

"नुन्नाला सांगायला हवं," तो म्हणाला. "तू चल बरोबर."

कुबडीचा शेंडाही तोवर तांबडा झाला होता. नुन्ना खाली खुर्ची टाकून बसली होती. त्याने तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं.

"म्हणजे मशीन खोटं नाही बोललं?"

"नाही नुन्ना. मी बोललो."

ती बोटांवर मोजायला लागली. "फिलोमेनाला दिल्या सहा. पास्कालेला दहा. त्या लंगड्या दोमेनिकाला चार, नको म्हणत होती बिचारी, मीच बळेबळे दिल्या." अकराही घरं तिने मोजली. "माझ्या हातांनी नेऊन दिलं रे मी," म्हणाली आणि ते हात मांडीवरून बाजूला ठेवले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

"माझ्या हातून झालं, नुन्ना."

"तुला कोणी मागितलं होतं?" ती एकदम ओरडली. "मी मागितलं होतं का? मला सांगायचंस, नुन्ना, हे मरणार. मी रडले असते चार दिवस. मला रडता येत नाही असं वाटलं तुला?"

दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई काठी टेकत अकरा दारांत गेली. मला वाटलं खरं सांगायला गेली. तिने प्रत्येक दारात सांगितलं, "मशीन चुकलं. माझं झाडही खाल्लं, तुमचीही खाल्ली." ओरोंझोचं नाव तिने काढलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. मशीन चुकतं म्हटल्यावर कोण फुली मारू देणार? लोकांनी गडग्यांना साखळ्या लावल्या. टेकडीपलीकडे अजून तीन हजार झाडं उभी होती. रोगाला लागून असलेली कडेची पावणेदोनशे लगेच काढली असती तर बाकीची वाचणार होती. मॅडम शहरातून आल्या, चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. त्यांनी कागद दाखवला, कुबडी, एक्याण्णव.

"काल छापला असेल!" मागून कोणी तरी ओरडलं, आणि हॉल हसला.

तेव्हा ओरोंझो उठला. कान लालभडक. म्हणाला, "कागद खरा आहे. मशीनने काढा म्हटलं होतं. मी ठेवा दाबलं आणि तुमच्याशी खोटं बोललो. आता तरी ऐका, कडेची काढू द्या."

लोक ऐकत होते. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी लोक ऐकत होते.

आणि नुन्ना दोनाता काठी टेकत उभी राहिली.

"खोटं बोलतोय," ती म्हणाली. "यांनी नोकरीची भीती घालून बोलायला लावलंय. माझ्या दुधावर वाढलाय तो. खोटं बोलताना कसा दिसतो, मला नाही कळणार तर कोणाला?"

"नुन्ना, नको," ओरोंझो म्हणाला.

"बस खाली," ती हळूच म्हणाली. मी शेजारीच होतो म्हणून ऐकू आलं. "झाडं गेली ती गेली. तुला नाही जाऊ देणार मी."

हॉल टाळ्यांनी दणाणला. बाया डोळे पुसत होत्या. मॅडम कागद आवरायला लागल्या. ओरोंझो उभाच होता, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते आम्हा गावकऱ्यांत आणखी एकालाच, मलाच, ठाऊक होतं, आणि ज्याची एकशे चाळीस झाडं गेली त्याचा शब्द कोणी खाली पडू दिला नसता. ती तीन हजार झाडं आता नाहीत. पण त्या म्हातारीने त्याचा हात घट्ट धरला होता, सगळं गाव तिच्याकडे बघत होतं, आणि तिला भर सभेत खोटं पाडणं माझ्या जिवावर आलं. मी मान खाली घातली आणि बसून राहिलो.