डावीकडचा फाटा

सॉ मिलमध्ये सगळे त्याला कानस म्हणत. करवतीच्या पात्यांना धार लावण्यात त्याची अठ्ठावीस वर्षं गेली होती, हे एक कारण. आणि तोंड उघडलं की समोरच्याला थोडंतरी खरचटायचंच, हे दुसरं. लाकूड वरून येतं एवढंच त्याला ठाऊक. वर जंगलात काय आहे, हे बघायची गरज त्याला कधी वाटली नाही.

वरचं सगळं बायकोला माहीत होतं. लग्नाआधी अकरा वर्षं ती लाकूडतोड्यांच्या छावणीत स्वयंपाकाला होती. चाळीस माणसांचं दोन वेळचं जेवण एकटी रांधायची. छावणी उठली त्या वर्षी तिने स्वयंपाकाच्या शेडमागे नाशपातीचं एक रोप लावलं आणि खाली येऊन कानसशी लग्न केलं. "एक मी लावलं आणि एक पदरात पडलं," असं ती पाहुण्यांना सांगायची. कानस ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण त्याला ते आवडायचं.

कानस निवृत्त झाला त्या वर्षी वनखात्याने नोटीस लावली. लाकडाचे ट्रक जायचे ते जुने रस्ते उन्हाळा संपताना मोडणार, मोऱ्या उपटून जागोजाग चर खणणार. नोटीस वाचून बायको घरी आली ती नकाशा घेऊनच.

"रस्ता मोडायच्या आत मला ते झाड बघायचंय. जगलं की मेलं, एवढंच."

"जीपवाल्याला विचारू."

"पूल कच्चा झालाय, गाडी सोडत नाहीत. सायकलने जायचं."

अडतीस किलोमीटर, सगळा चढ, आणि वाटेत सुटी खडी. कानस म्हणाला, "या वयात हाडं मोडून घ्यायची हौस आलीय तुला." पण आठच दिवसांत जाड टायरांच्या दोन जुन्या सायकली त्यानेच आणल्या, त्यानेच उघडल्या आणि त्यानेच ब्रेक बसवले. माणसाचं तोंड फाटकं असलं तरी हात सरळ होते.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो महिनाभर उचललाच नाही. ताटं मांडीवर घेऊन जेवण व्हायचं. बायको लोकरीचा धागा रस्त्याच्या वळणांवरून फिरवून अंतर मोजायची, दर पाच किलोमीटरला एक गाठ. "सुतावरून स्वर्ग गाठ आता," कानस म्हणायचा. पाणी किती, उकडलेली अंडी किती, टायरमध्ये हवा कमी ठेवायची म्हणजे खडीवर घसरत नाही, कुठल्या चढावर उतरून सायकल ढकलायची. सगळं ठरलं. छावणीचा फाटा मात्र नव्या नकाशात नव्हताच.

"तो माझ्या डोक्यात आहे," ती म्हणाली.

मग एका सकाळी जिना चढताना ती मधल्याच पायरीवर बसली. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली आणि सायकल राहू दे, जिनासुद्धा बंद केला. तिचा पलंग खाली, टेबलाशेजारी आला. दोन दिवस ती नकाशावरून बोट फिरवत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही जा. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या."

तिने डोळे मिटून सांगितलं आणि कानसने वहीत उतरवलं. पूल ओलांडला की जळकं झाड. मग लांब चढ. मग दुभंगलेला मोठा खडक दिसतो. तो दिसला की डावीकडचा फाटा. तिथून अर्धा किलोमीटर.

मग एक दिवस बायकोजवळ त्यांची मुलगी येऊन थांबली आणि कानस उजाडताच निघाला. पूल लागला. जळकं झाड काही दिसलं नाही. असेल पडलेलं, म्हणून तो पुढे गेला. लांब चढावर सायकल ढकलताना गुडघा ठणकायला लागला. फाटा आला, पण खडक नव्हता. समोर नुसती झाडी. खाली बघत ट्रकच्या चाकांच्या खुणा शोधत तो पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. शेवटी वहीवर विश्वास ठेवून डावीकडे वळला, तर ती वाट लाकडं रचायच्या जुन्या मोकळ्या जागेवर जाऊन संपली. दुपार कलली होती. पाणी घोटभर उरलं होतं.

"डोकं गेलंय हिचं," तो मोठ्याने म्हणाला. रानात ऐकायला कोणी नव्हतं, तरी म्हणाला. आणि परत फिरला, तो सगळा उतार मान वर न करता, खडीवर नजर ठेवून.

घरी पोचला तेव्हा ती उशीला टेकून वाट बघत होती. तिचा चेहरा बघितला आणि जन्मभर खरं बोलून लोकांना दुखावणाऱ्या त्या माणसाने खोटं बोलायचं ठरवलं.

"आहे. माझ्याहून उंच झालंय."

"खरंच? फळं?"

"आहेत. छोटी छोटी."

"मग एखादं आणायचं ना, अहो!"

"कच्ची होती गं."

ती हसली. मग म्हणाली, "नीट सांगा, कसे गेलात?"

"तू सांगितलंस तसाच. खडक समोरच दिसला. डावीकडे वळलो आणि पोचलो."

तिने डोळे मिटले. पांघरुणावर तिचा हात हळूच डावीकडे गेला, थांबला, मग उजवीकडे गेला. बराच वेळ ती तशीच पडून राहिली. कानसला वाटलं, झोप लागली. पण तिने डोळे उघडले आणि त्याच्या खरचटलेल्या मनगटावर हात ठेवला.

"मग पोचलातच तुम्ही," ती म्हणाली. "दमला असाल. जेवून घ्या."

त्यानंतर तिने झाडाचा विषय काढला नाही. अकराव्या दिवशी तिला पुन्हा त्रास झाला. रुग्णवाहिकेत मुलगी आईच्या उशाशी बसली आणि कानसला मागच्या दाराकडे तोंड करून बसावं लागलं. काचेतून त्याचीच गल्ली मागे मागे पळत होती. रोजचं बेकरीचं दुकान आलं ते त्याला आधी ओळखूच आलं नाही; त्याची ती बाजू त्याने कधी बघितलीच नव्हती. मग गाडी चौकात वळली. त्याच्या हिशेबाने डावीकडे, आणि इस्पितळ तर उजवीकडे होतं.

छावणीवर जाताना ती शिधा नेणाऱ्या ट्रकमध्ये मागे पोत्यांवर बसायची, पाय बाहेर सोडून. हे तिने त्याला शंभरदा सांगितलं होतं. येताना केबिनमध्ये बसायची आणि पहिल्या वळणालाच झोपायची. अकरा वर्षं तिने तो रस्ता पाठमोरी बसूनच बघितला होता.

तो वळून तिला सांगणार होता. पण तिच्या तोंडावर मास्क होता, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, आता नको." इस्पितळात पोचल्यावर ऐकायला ती उरली नाही.

रस्ता मोडला. वनरक्षक म्हणाला, सतरा चर आहेत, सायकल घेऊन वेडे आहात का. कानस सायकल धरून फाटकाशी उभाच राहिला, तेव्हा वनरक्षकाने ते उघडलं. सतराही चरांतून त्याने सायकल खांद्यावर घेऊन उतरवली आणि चढवली. पूल ओलांडून मागे बघितलं: जळकं झाड उभं होतं. फाट्यावर येऊन मागे बघितलं: झाडीच्या वर खडक होता, मधोमध चिरलेला. याच जागेवरून तो तिला बोल लावत परत गेला होता.

तो उजवीकडे वळला.

शेडचं छप्पर खाली आलं होतं. मागे नाशपातीचं झाड होतं, त्याच्याहून उंच. त्याने सांगितलं होतं ते सगळं खरं निघालं, फक्त फळं आता पिकून खाली पडली होती. कानस मातीत बसला आणि खूप रडला. मग त्याने दोघांसाठी म्हणून चांगली बघून दोन फळं निवडली, पुसली, आणि सवयीने दोन्ही डब्यात ठेवली.