छातीच्या वर हात नाही

निजामाच्या राज्यात पूर्ण्याला कापडाचं दुकान चालवणाऱ्या गुरुसिद्धप्पांना ऐन चाळिशीत गोल्फचं वेड लागलं. रेल्वेच्या गोऱ्या साहेबानं स्टेशनामागच्या पडीक रानात चेंडू घालायला चार डबे पुरून मैदान केलं होतं. जोडीला कोणी मिळेना, म्हणून कापड घ्यायला आलेल्या साहेबानं दुकानदारालाच ओढून नेलं. तेव्हापासून साहेबाला एकदा तरी हरवायचं, हे यांच्या डोक्यात बसलं.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. साहेबासारखी काठी खांद्यामागं नेऊन त्यांनी जोरात फिरवली आणि गळ्यातला शिवदोरा तुटला. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग ढेकळांत पडलं. लिंगायताच्या अंगावरून ते क्षणभरही दूर होऊ द्यायचं नसतं. गुरुसिद्धप्पा पार हबकले. मठात जाऊन पुन्हा लिंग बांधून घेईपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. त्यांच्या बायकोनं, भागम्मांनी, हा खेळच सोडा म्हणून धोशा लावला. मठातल्या स्वामींनी एवढंच बजावलं, की खेळताना हात छातीच्या वर जाता कामा नये.

मग यांनी छातीखालचाच खेळ शिकायला घेतला. रोज सकाळी लिंगपूजा आटोपून रानात जायचं, चेंडू उजव्या पायाजवळ ठेवायचा, भार डाव्या पायावर टाकायचा, काठी अर्ध्यातूनच आणायची आणि मारल्यावरही खालीच थांबवायची. कितीतरी दिवस नुसती माती उडाली. सहा महिन्यांनी चेंडू गुडघ्याएवढ्या उंचीवरून सुटायला लागला आणि कडक रानात लांबवर घरंगळायला लागला. वाऱ्यात साहेबाचे उंच चेंडू बाभळीत जायचे, यांचे सरळ. शेवटी साहेबच यांच्याकडून तो फटका शिकला. आमचे गुरुसिद्धप्पा काय फुगले होते तेव्हा!

साहेबाची बदली निघाली, तेव्हा शेवटचा सामना ठरला. अखेरच्या डब्यापर्यंत दोघं बरोबरीत होते. साहेबाचा चेंडू डब्यात पडून त्याचा खेळ संपला होता. जिंकायचं तर यांना एकाच फटक्यात डबा गाठायचा होता, आणि मध्ये पुरुषभर उंचीचा बांध. साहेब भला माणूस. म्हणाला, डबी घडीभर खिशात ठेवा, उंच मारा, मी कोणाला सांगणार नाही.

गुरुसिद्धप्पांचा हात दोऱ्याकडं गेला. थोडा वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी काठी धरली आणि नेहमीसारखाच खालून फटका मारला. चेंडू बांधावर आदळून परत आला.

घरी येऊन ते भागम्मांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. "हरलो. लय वाईट वाटायलंय," म्हणाले आणि खरंच रडले.

भागम्मा संतापल्या. "आदी सांगायचं न्हाई का? कालच जाऊन त्यो बांध खांदून टाकला असता मी."