नानांबरोबर गाडीखाली

लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा घरात तीनच माणसं होती. नवरा, त्याचे वडील आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या आणि धाकटे दीर पुण्यात नोकरीला होते. नवऱ्याची नोकरी जळगावला. सोमवारी पहाटेच्या बसने जायचा, शनिवारी संध्याकाळी यायचा. म्हणजे आठवडाभर घरात मी आणि सासरेच. त्यांना सगळे नाना म्हणायचे, मीही म्हणू लागले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात काढून ते निवृत्त झाले होते. बोलणं फार कमी. पहिल्या वर्षी आमच्यात "वाढू का?" आणि "वाढ" याच्यापलीकडे काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. मी डोक्यावरचा पदर सावरत ताट ठेवायची आणि आत जाऊन उभी राहायची.

दारात एक पांढरी छोटी गाडी होती, अमळनेरच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून सेकंडहँड घेतलेली. तिचं जे काही असेल ते नाना घरीच करायचे. एका दुपारी मी आतल्या खोलीत शिवणावर बसले होते. बाहेरून आवाज आला, "कोनी शे का घरमा?"

घरात मी एकटीच होते, हे त्यांनाही माहीत होतं. मी बाहेर गेले. नाना गाडीखाली आडवे होते, फक्त पाय दिसत होते. सायलेन्सरची पट्टी बांधताना नट हातातून सुटून गाडीच्या मधोमध कुठेतरी गेला होता आणि त्यांना वळता येत नव्हतं. मी वाकून पाहिलं. मग आत जाऊन माझ्या शिलाई मशीनच्या डब्यातलं लोहचुंबक आणलं, ते लाकडी फूटपट्टीच्या टोकाला बांधलं आणि नट ओढून काढला. चाळीसगावला माझी आई कपडे शिवायची. सुया पडल्या की आम्ही अशाच गोळा करायचो.

नाना बाहेर आले आणि चुंबकाकडे बघत राहिले.

"शिलाई मशीन खोलता येस तुले?"

"येतं. तेलपाणी, पट्टा, सगळं मीच करते."

"मंग हाई बी येई," गाडीकडे बोट करून ते म्हणाले. आणि बाजूला सरकून त्यांनी मला जागा करून दिली.

साडी नेसून गाडीखाली जाणं काय असतं ते एकदा करून बघावं. दोन-तीन दिवसांनी मी नवऱ्याची जुनी पँट चढवली, वरून त्याचाच शर्ट. बाहेर येताना छाती धडधडत होती. नानांनी एकदा पाहिलं, "आते बरं शे," म्हणाले आणि पुन्हा पान्यांच्या पेटीत डोकं घातलं. त्यानंतर त्यांच्यासमोर मी कधी पदर घेतला नाही. समोरच्या घरातल्या बायका काही दिवस कुजबुजल्या, मग त्यांनाही सवय झाली. त्यातली एक तर आपल्या स्कूटीचा आरसा घट्ट करून घ्यायला माझ्याकडे आली.

सुट्या भागांच्या दुकानात गेलो की मी काय हवं ते सांगायची आणि दुकानदार उत्तर द्यायचा नानांना. "काका, तुमच्या गाडीला हा लागेल." दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा मी क्लचची केबल मागितली आणि तो नानांकडे वळला, तेव्हा नाना काउंटरकडे पाठ करून रस्त्यावरची वाहतूक बघायला लागले. "तिले सांगा. बसाडनार ती शे," एवढंच म्हणाले. ती केबल मी बसवली, तीन तास लागले. कोपर सोलून निघालं. नाना शेजारी बसून होते, पण केबलला त्यांनी बोट लावलं नाही.

जुना भाग काढला की नव्याशेजारी वर्तमानपत्रावर ठेवायचा, दोन्ही सारखे आहेत का बघायचं, मगच नवा बसवायचा. नट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने थाळीत लावायचे. घाई करायची नाही. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर बॉनेटला हात लावता येत नसे. मग आम्ही गोणपाट ओलं करून जमिनीवर टाकायचो आणि गाडीखालीच पडून राहायचो, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये इंजिन. तिथे ते बोलायचे. तोंड दिसत नसायचं म्हणून असेल.

सासूबाईंबद्दल मला जे काही माहीत आहे ते सगळं गाडीखाली ऐकलेलं. त्यांना बस लागायची. नवरा एसटीत, पास हातात, आणि बाईला चाळीसगावपर्यंतही खिडकीशिवाय जाता येत नसे. एकदा तोरणमाळला जायचं त्यांच्या मनात होतं. घाटाच्या वाटेवर त्यांना इतक्या उलट्या झाल्या की नाना त्यांना घेऊन मध्येच उतरले आणि दोघं परतीच्या बसची वाट बघत झाडाखाली बसून राहिले. "तवाच ठरायं, छोटी गाडी लेवानी," नाना म्हणाले. गाडी आली तेव्हा त्या नव्हत्या. त्यांनी हे सांगितलं आणि लगेच "चौदानं दे" म्हणून हात पुढे केला. मी चौदाचा पाना त्यांच्या हातात ठेवला. आणखी काय करणार?

अशी बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी नाना मोरीत घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दीर येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेले. तिथे ऑपरेशन झालं. जाताना स्ट्रेचरवरून ते मला म्हणाले, "दोन महिनामा येस मी. आठवड्यातून एकदा चालू करत जा." गाडी चालू करत जा, असं.

दोन महिन्यांचं वर्ष झालं, मग दुसरंही संपत आलं. तिकडे लिफ्ट होती, डॉक्टर जवळ होते, पाय पूर्वीसारखा राहिला नव्हता. दिरांचं काही चुकत होतं असं नाही. पण दुपारी शिवणावर बसले की ओट्यावरून पान्याचा आवाज येत नसे आणि माझं लक्ष लागत नसे. दोन-तीनदा मी उगाच चहाचे दोन कप भरले. शनिवारी नवरा यायचा, दोन दिवस घर भरायचं, पण नवऱ्याशी मी काही नट-बोल्टबद्दल बोलत नसे. त्याला गाडी चालवता येते, एवढाच त्याचा आणि गाडीचा संबंध.

नाना रविवारी फोन करायचे. पहिला प्रश्न ठरलेला. "आवाज कसा शे?" माझा नाही, इंजिनचा.

गेल्या वर्षी हिवाळ्यात जळगावहून परत येताना पारोळ्याच्या पुढे ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून खरखर यायला लागली. नवरा म्हणाला, उद्या गॅरेजला टाकू. घरी पोचल्यावर मी नानांना फोन लावला. नवऱ्याला गाडी हळू पुढे-मागे घ्यायला सांगितली आणि फोन चाकाजवळ धरला.

"आनखी जोडे धर," ते म्हणाले. मी आणखी जवळ धरला. मग म्हणाले, "पॅड सरनात. आते गाडी काढू नको. तू बदलशी?"

ब्रेकचे पॅड झिजून संपले होते, पण ब्रेकचं काम मी एकटीने कधी केलं नव्हतं. ते काम नाना स्वतः करायचे, मी फक्त हाताशी असायची. मी म्हणाले, "तुम्ही फोनवर असाल तर करते."

बुधवारी सकाळी नवे पॅड आणले. मागच्या चाकांना विटा लावल्या, नट आधी सैल केले, मग जॅक चढवला, खाली लाकडी ठोकळे सरकवले. फोन एका विटेला टेकवून ठेवला. पडद्यावर नानांचं कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता. त्यांना फोन नीट धरता येत नव्हता. चाक निघालं. खालचा बोल्ट काही केल्या हलेना. पडद्यावर मध्येच त्यांचा हात आला, हवेत पाना फिरवल्यासारखा. "पाय दे पान्यावर. पाय!" मी टाचेने दाब दिला आणि बोल्ट कर्रकन सुटला. दोघंही एकदम हसलो.

जुने पॅड निघाले, पार घासून पत्र्याला आलेले. तेवढ्यात फोनवर दिरांचा आवाज आला. "वहिनी, सकाळपासून नाना जेवलेले नाहीत. ब्रेकचं काम आहे, मेकॅनिकला बोलवा ना. काही झालं म्हणजे?" मागे नाना ओरडत होते, "दे तो फोन इकडे!" काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि फोन बंद.

पुन्हा लावला. लागला नाही. पुन्हा लावला, स्विच ऑफ.

चाक जमिनीवर, ब्रेक उघडा, हात काळे, आणि दारात मी एकटी. दिरांचं म्हणणं खोटं नव्हतं. याच गाडीत नवरा बसणार होता, मी बसणार होते. मी पाणी प्यायले. जुना पॅड आणि नवा वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले. सारखे होते. मग आत दाबायचा पिस्टन शिकंज्याने हळूहळू मागे सरकवला, दर दोन फेऱ्यांनी उठून बाटलीतलं ब्रेक ऑइल फार वर येतंय का ते बघत. पॅड बसले. बोल्ट आवळला. मग दुसरं चाक. दुपारचे दोन वाजले.

चाकं चढवून मी सीटवर बसले आणि ब्रेक दाबला. पेडल सरळ तळाला गेलं. काहीच लागलं नाही पायाला.

बिघडवून ठेवली, असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते काळ्या हातांनी पुसलं. तेवढ्यात फोन वाजला. नाना. दिरांच्या नकळत शेजाऱ्यांच्या फोनवरून.

"नाना, पेडल खाली जातंय."

"गाडी बंद शे ना? मंग मार पेडल. मारत ऱ्हाय."

मी मारत राहिले. चौथ्या-पाचव्या वेळी पायाखाली काहीतरी आलं, मग आणखी वर, मग पेडल दगडासारखं घट्ट झालं. मी सांगितलं.

"झालं ना, नाना?"

"जेवस मी आते," ते म्हणाले.

नंतरच्या उन्हाळ्यात आम्ही त्याच गाडीने पुण्याला गेलो. दीर नानांना लिफ्टने तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये घेऊन आले. नाना खूप वाळले होते, हातात वॉकर. माझ्याशी बोलण्याआधी ते वाकले आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी आळीपाळीने हात लावला. एक ब्रेक धरत असेल तर ते चाक जास्त तापतं. "दोन्ही सारखा," ते दिरांना म्हणाले, जणू काही त्यांनाच सुनावत होते. मग दार उघडून ते मागच्या सीटवर बसले आणि उतरेनात. "घर चाला."

दिरांनी समजावलं, डॉक्टरांना फोन केला. शेवटी आठ दिवसांची परवानगी मिळाली. येताना गाडी मीच चालवली. नाना सगळा रस्ता जागे होते.

आठ दिवस ते ओट्यावर खुर्चीत बसून होते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागून खाल्ली. त्यांच्यासमोर मी इंजिन ऑइल बदललं, फिल्टर साफ केला. एकदाही त्यांनी हे असं कर, ते तसं कर म्हटलं नाही. चौथ्या दिवशी मी गाडी चालू केली तर पंख्याचा पट्टा किंचाळायला लागला. चांगला मोठा, कानाला टोचणारा आवाज, समोरच्या घरातून कुणीतरी डोकावून पाहिलं. मी नानांकडे बघितलं. ते समाधानाने मान डोलावत होते.

"आवाज एकदम भारी शे," ते म्हणाले.

मी गाडी बंद केली. "हो नाना," म्हणाले आणि आत जाऊन चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उगाच उभी राहिले. मग भाजीला फोडणी दिली. ते किंचाळणं त्यांना ऐकूच आलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि ते घरी असेपर्यंत गाडी पुन्हा चालू करणं टाळलं. नवव्या दिवशी आम्ही त्यांना पुण्याला परत सोडलं, तेव्हा पट्टा रस्ताभर ओरडत होता आणि नाना खिडकीबाहेर कापसाची रिकामी शेतं बघत होते. लिफ्टमध्ये शिरताना मागे वळून म्हणाले, "हळू जाजो."

पुढच्या रविवारी मी पट्टा बदलला. त्यात एक अडचण असते. बोल्ट आवळत असताना दुसऱ्या कुणाला तरी टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून ताण धरून ठेवावा लागतो, नाहीतर पट्टा ढिला राहतो. ते नेहमी नाना धरायचे. मी नवऱ्याला हाक मारली. तो वर्तमानपत्र ठेवून आला, सांगितलं तिथे टॉमी धरली, सांगेपर्यंत सोडली नाही. मी बोल्ट आवळला, अंगठ्याने दाबून पट्टा पाहिला. ताण बरोबर होता. गाडी चालू केली, काही आवाज नाही.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

तो हात धुवायला गेला. त्याने अगदी नीट धरलं होतं, त्यात काही कमी नव्हतं. मी मात्र बॉनेट उघडं ठेवून तिथेच थोडा वेळ उभी राहिले, आणि शेजारची जागा आपोआप मोकळी सोडली.